आण्णांच्या गवळणी वर चढवताना

आमच्या ऑफिसात फाइल्स साठत नाहीत. कॉम्प्युटरमध्ये जागा कमी म्हणून आम्ही त्या उडवतो. किस्से मात्र उडवता येत नाहीत. चहाला कोणी आलं की एक सांगायला घ्यावा, तर त्याचं बोट धरून दुसरा बाहेर येतो. मैत्रिणी म्हणतात, "अगं, लिहून काढ की!" काढते बाई. पण यातले निम्मे आठवले की माझ्या पोटात अजून गोळा येतो, त्याचं काय करू?

ऑफिस म्हणजे राजारामपुरीत एका कोचिंग क्लासच्या डोक्यावरच्या दोन खोल्या. एका खोलीत इकबालभाई रेकॉर्डिंग करतात. दुसऱ्या खोलीत मी बसते आणि काळजी करते. चेष्टा नाही, तेच माझं काम आहे. लोकांना वाटतं, गाणं म्हटलं, बटण दाबलं, की जगभर वाजायला लागलं. तसं होत नाही हो! गाणं एकटं कुठेच जात नाही. त्याच्याबरोबर चौकोनी कव्हर लागतं, गायकाचा फोटो लागतो, टाइप केलेले शब्द लागतात, कोणी काय वाजवलं त्यांची नावं लागतात. आणि रेकॉर्डिंगची मूळ, जडशीळ फाइल लागते. व्हॉट्सॲपवरून आलेली चालत नाही.

या सगळ्या लवाजम्याला असेट्स म्हणतात. तो मी जमवायचा आणि जी कंपनी गाणी वेगवेगळ्या ॲपवर चढवते तिच्याकडे पाठवायचा. एक वस्तू चुकली की सगळं वऱ्हाड माघारी!

आमच्यातला तिसरा संतोष. कव्हर तो करतो. आधी तो फ्लेक्स बोर्डच्या दुकानात होता, अजूनही अर्धा दिवस तिथेच असतो. म्हणून त्याच्यापासूनच सुरुवात करते.

*

एका हौशी तरुणाचं पहिलंच गाणं होतं, वरातीत वाजवायचं. संतोषला म्हटलं, झकास कव्हर कर.

त्याने केलं. मधोमध गॉगल लावून हात जोडलेला गायक. वर ग्रामदैवत. आणि खाली ओळीने शुभेच्छुक! सरपंच, तालमीचे अध्यक्ष, दोन मामा, पाळण्यातला पुतण्या. प्रत्येकाच्या फोटोखाली नाव आणि मोबाइल नंबर. पुतण्याच्यासुद्धा!

मी म्हटलं, "संतोष, मोबाइलवर हे कव्हर नखाएवढं दिसतं रे. आणि फोन नंबर असला की कंपनी परत पाठवते."

संतोषला खरंच वाईट वाटलं. "मग शुभेच्छा कुणी दिल्या त्ये कळायचं कसं?"

गायक तर रडकुंडीलाच आला. "मॅडम, मामाचा फोटो काढला तर मामा माझं लगीन मोडतोय बगा. पोरगी त्येनंच बघितल्या!"

आता एका चौकोनावरून कोणाचं लग्न मोडलं तर ते पाप कोणाच्या डोक्यावर? माझी झोप उडाली. शेवटी संतोषनेच तोड काढली. ॲपवर नुसता गायक गेला आणि सगळे शुभेच्छुक, पुतण्यासकट, मोठ्या फ्लेक्सवर चौकात लागले. गाणं आलं त्या दिवशी मामा फ्लेक्सखाली उभे राहून फोटो काढून घेत होते. मी भीत भीत जवळ गेले. "मामा, मोबाइलवर तुमचा फोटो नाही हां, रागावू नका."

मामा हसले. "मोबाइलवर कोण बगतंय मॅडम? चौकात बगत्यात!"

*

मग आण्णा आले.

शाहूवाडीच्या डोंगरातलं गाव, वय सत्तरीचं, थोडं भाताचं रान आणि गोठ्यात एक म्हैस. गवळणी स्वतः रचायचे, स्वतः म्हणायचे. त्यांच्या गावात चैत्रात भैरोबाची जत्रा भरते. पालखी देवळाबाहेर पडायची ती आण्णांनी गवळण धरली की मगच. अशी कित्येक वर्षं चाललेली रीत.

बरोबर त्यांची बायको, आक्का. आण्णा खुर्चीवर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि बाजारभाव सांगावा तसं सांगितलं, "घशात गाठ हाय. डॉक्टर म्हणालाय, गळ्यातली पेटीच काढाय लागत्या. जीव ऱ्हाईल, आवाज न्हाय ऱ्हायचा."

आक्का खिडकीबाहेर बघत होत्या.

"घट बसायच्या आत ऑपरेशन हाय," आण्णा म्हणाले. "त्येच्या आधी भरून घ्या. जत्रंला माझा आवाज वाजला पायजे. मी नुसता हुबा ऱ्हाईन."

इकबालभाईंनी सगळी कामं बाजूला सारली. आण्णांना माइकसमोर उभं केलं, कानावर हेडफोन चढवला. "म्हणा आण्णा!"

आवाजच निघेना. पुन्हा पुन्हा प्रयत्न झाला. नुसती खरखर. आण्णांचा सदरा घामाने भिजला. काचेच्या अलीकडे मी हात चोळत उभी. मनात एकच, उशीर झाला, गाठीने आवाज आधीच नेला.

इकबालभाईंनी दार उघडून आक्कांना विचारलं, "आक्का, घरात आण्णा कसं म्हणतात?"

"हुबं ऱ्हाऊन कवा म्हटलंय ह्येनी?" आक्का फटकन म्हणाल्या. "धार काढताना म्हणत्यात. दोन्ही वक्ताला. म्हशीला बी तीच सवय आनि ह्येंस्नी बी."

इकबालभाई संडासाकडे धावले आणि फरशी पुसायची बादली घेऊन आले. धुऊन आणली, एवढं सांगते. आण्णा उकिडवे बसले, बादली गुडघ्यांत धरली. माइक खाली आणला. आण्णांनी डोळे मिटले. बोटं आपोआप हलायला लागली, अंगठा आत घेऊन, वरून खाली. आणि आवाज आला! असा आला की इकबालभाईंनी रेकॉर्डिंगचं बटण दाबलं ते बोट तिथेच ठेवलं. उचललं तर थांबेल या भीतीने.

खालच्या क्लासचे सर नेहमी आवाजाची तक्रार घेऊन वर येतात. त्या दिवशीही आले. जिन्यात बसून राहिले, तक्रार न करताच गेले.

*

दुसऱ्या दिवशी आण्णांचं भजनी मंडळ साथीला आलं. वाजवून झाल्यावर मी नावं विचारायला बसले. पखवाज कोणी वाजवला, टाळ कोणी, मागे कोण म्हणालं. सगळं सुरळीत चाललं होतं. शेवटी कोपऱ्यात एक गृहस्थ उरले. दिनकरतात्या.

"तात्या, तुम्ही काय वाजवलंत?"

"काय न्हाय."

"मग म्हणालात का?"

"न्हाय वो."

मंडळातला एकजण म्हणाला, "त्येंचं नाव घालाच ताई. तात्या म्होरं बसल्याबिगार आण्णा सुरूच करत न्हाईत!"

आता कंपनीच्या फॉर्ममध्ये प्रत्येक नावापुढे काम निवडावं लागतं. गायक, वादक, संगीतकार. 'समोर बसणारा' असा पर्यायच नाही! नाव गाळावं तर आण्णांचं मन दुखावणार, आणि तेही ऑपरेशनच्या तोंडावर. मी जीव मुठीत धरून तात्यांच्या नावापुढे 'टाळ' लिहिलं.

संध्याकाळी तात्यांचा फोन. "ताई, टाळ माज्या नावावर घातलासा न्हवं?"

"हो तात्या. चुकलं का काही?"

"चुकलं न्हाय. पर आता मला शिकाय लागतंय की!"

*

ऑपरेशन झालं. जीव राहिला. आवाज गेला. आण्णा पाटीवर लिहून बोलायला लागले.

आणि मग आली खंडेनवमी.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारांची पूजा होते. कोणी कोयता पुजतं, कोणी रिक्षा. आम्ही काय पुजणार? माइक, स्पीकर, कॉम्प्युटर. पूजेची हौस सगळ्यांत जास्त इकबालभाईंना. म्हणतात, "ज्याच्यावर पोट हाय त्येला मान द्यायला पायजे." झेंडूच्या माळा तेच आणतात. त्या वर्षी सगळी यंत्रं ओळीने मांडली, हळदीकुंकू वाहिलं. मध्ये मानाची जागा हार्डडिस्कला, कारण आण्णांच्या सगळ्या गवळणी तिच्यात होत्या. संतोषने जोरात नारळ फोडला.

नारळ फार चांगला निघाला. भरपूर पाणी!

ते पाणी टेबलावरून गेलं ते थेट हार्डडिस्कच्या पोटात. इकबालभाईंनी झडप घातली, पुसली, फुंकली, पंख्याखाली धरली. कॉम्प्युटरला लावली. कॉम्प्युटर म्हणाला, इथे काहीच नाही.

मी खाली बसले. दुसऱ्या कोणाचं गाणं असतं तर फोन केला असता, या हो, पुन्हा भरू. इथे कोणाला बोलावणार? आण्णा आता कुठून म्हणणार? इकबालभाई भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्यांचे खांदे हलत होते. इतक्या वर्षांत त्यांना रडताना मी तेव्हाच पाहिलं.

संतोष हळूच म्हणाला, "मॅडम, एक सांगू? तुम्ही वरडणार न्हाय न्हवं?"

"काय?"

"म्या सगळी गाणी पेनड्राइव्हमध्ये नेल्यात. फ्लेक्सच्या दुकानात लावतो. मशिन चालू असलं की लई कटाळा येतो वो."

मूळ फाइल ऑफिसबाहेर न्यायची नाही, हा माझा नियम. भिंतीवर लिहून चिकटवलाय. आम्ही तिघं एका स्कूटरवर बसून दुकानात गेलो. रस्त्यातच आण्णांचा आवाज ऐकू आला. आत कोणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स सरकत बाहेर येत होता आणि स्पीकरवर गवळण चालू होती. मी संतोषला ओरडायचं की त्याच्या पाया पडायचं, याचा निर्णय अजून झालेला नाही.

*

कव्हर राहिलं होतं. आल्बममधली मुख्य गवळण रत्नाची होती. रत्ना रुसली आहे आणि आण्णा तिची समजूत काढतायत, असं ते गाणं. संतोषने कॉम्प्युटरकडून चित्र काढून घेतलं. नऊवारीतली देखणी बाई, नाकात नथ, डोईवर घागर, तिरका कटाक्ष.

आण्णा तपासणीला शहरात आले होते, तेव्हा दोघांना दाखवायला बोलावलं. आक्कांनी स्क्रीनकडे बराच वेळ पाहिलं. "ही कोण?"

"रत्ना!" संतोष अभिमानाने म्हणाला.

आक्कांनी आण्णांकडे पाहिलं. आण्णा घाईघाईने पिशवीत पाटी शोधायला लागले. म्हटलं, या वयात, या अवस्थेत, आपल्या कव्हरने यांचा संसार मोडतोय की काय.

आण्णांनी पेन्सिल काढली आणि लिहायच्या ऐवजी भराभर चित्रच काढलं. दोन वळलेली शिंगं. लांब तोंड. कपाळावर ठिपका.

आक्कांना हसू फुटलं. "आवो, रत्ना आमची म्हस हाय!"

सगळे हसलो. आण्णाही हसले, आवाज नसलेलं हसू. आणि हसता हसता आक्कांनी पदर डोळ्यांना लावला. "दवाखान्यातनं आल्यापासनं ती दूध चोरत्या, वरच धरून ठेवत्या. ह्ये बसले तरी चोरत्या, मी बसलो तरी चोरत्या. रेडकाला तेवढं सोडत्या. तिला ह्येंचं गाणं लागतंय वो. ह्येंनी रोज नुसतंच बसायचं आनि रिकामी चरवी घिऊन माघारी यायचं. मला बघवत न्हाय."

आण्णा पाटीवरचं चित्र पुसायला लागले. संतोषने त्यांचा हात धरला, मोबाइल काढला आणि पाटीचा फोटो घेतला. तेच कव्हर झालं. काळी पाटी, पांढरी म्हैस. एकही शुभेच्छुक नाही!

*

जत्रा तोंडावर आली. मी सगळे असेट्स दहादा तपासून पाठवले. सुटकेचा श्वास घेणार तोच कंपनीची मेल.

त्यांना संशय आला होता! या नावाचा गायक इंटरनेटवर कुठेच नाही. सत्तरीत पहिलाच आल्बम. आणि आवाज इतका साफ. हा आवाज माणसाचा आहे की कॉम्प्युटरने तयार केलेला? गायकाने कॅमेऱ्यासमोर चार ओळी गाऊन पाठवाव्यात. तोवर गाणी थांबवली आहेत.

मी फोनवर सगळं समजावून सांगितलं. पलीकडची मुलगी भली होती, पण तिचाही नाइलाज होता. म्हणाली, "ताई, दवाखान्याचे कागद पाठवा, पण त्यावरून आता आवाज नाही एवढंच कळेल. हा आवाज त्यांचाच होता हे कसं कळणार?"

खरंच, कसं कळणार? रेकॉर्डिंग करताना व्हिडिओ काढायचं कोणालाच सुचलं नव्हतं. मी काळजी करण्याचा पगार घेते आणि नेमकी हीच काळजी करायची राहिली होती! इकबालभाई म्हणाले, "ताई, गावात जाऊ. सगळ्या गावानं साक्ष दिली तर?"

तिघंही गेलो. गाव साक्ष द्यायला तयारच होतं. तात्या तर टाळ घेऊनच आले. पण गावाने सांगितलेलं कंपनी कशाला मानेल? आण्णांना मेलचं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पाटीला हात लावला नाही. उठले, चरवी घेतली आणि गोठ्याकडे निघाले. धारेची वेळ झाली होती.

संतोष मागून पळाला आणि मोबाइलवर गाणं लावून गव्हाणीत ठेवला. सुचलं म्हणून लावलं, एवढंच तो अजून सांगतो. मी माझा मोबाइल काढला आणि व्हिडिओ सुरू केला.

गाणं सुरू झालं. रत्नाने वैरण खायची थांबवली. कान टवकारले. मोबाइल हुंगला. मग तिने त्याच्याकडे पाठ केली, मान वळवली आणि उकिडव्या बसलेल्या आण्णांकडे पाहिलं. त्यांच्या गळ्याभोवती पांढरा रुमाल होता. तो ती चाटायला लागली.

आण्णांचे ओठ हलत होते, गाण्याच्या बरोबर, शब्दाला शब्द. आणि चरवीत धार वाजली.

आक्का दारातून ओरडल्या, "ताई, रडू नगासा! फोन हालतोय!"

तोच व्हिडिओ पाठवला. वर काय लिहावं कळेना. इकबालभाई म्हणाले, "लिहा, सोबत साक्षीदार जोडला आहे."

जत्रेच्या आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत उत्तर नाही. मी मेल उघडत होते, बंद करत होते. अंधार पडता पडता आली. एकच ओळ. गायकाची ओळख पटली, गाणी उद्या सकाळी चालू होतील.

*

जत्रेच्या सकाळी मी राजारामपुरीत ऑफिसातच होते. सगळ्या ॲपवर गाणी लागली का, शब्द नीट दिसतायत का, बघत होते. आक्कांचा फोन आला. मागे गोंगाट.

"ताई, गाणी लागली!" आक्का ओरडून बोलत होत्या. "पर घोटाळा झालाय!"

"काय झालं? नाव चुकलं?"

"न्हाय वो! सकाळधरनं घराघरात लावल्यात की लोकांनी. हिकडं बी वाजतंय, तिकडं बी वाजतंय. आनि रत्नानं दावं तोडलं! ज्या घरात गाणं वाजतंय त्या दारात जाऊन हुबी ऱ्हात्या. आत डोकं घालून बगत्या. ह्ये न्हाईत म्हटलं की पुढच्या दारात! सगळं गाव पालखी सोडून तिच्या मागं लागलंय. पालखी पण थांबल्या."

"आणि आण्णा?"

"त्ये बी मागनं फिरलं थोडं. पर हाक कशी मारणार?"

फोनमधून मला ऐकू येत होतं. दहा ठिकाणी दहा आण्णा गात होते, एकाचा शब्द दुसऱ्याच्या मागे. तात्यांचा टाळ ठेका सोडून वाजत होता. आणि मधूनच म्हैस हंबरत होती.

मी म्हटलं, "अहो, मग आण्णांच्या हातात मोबाइल द्या. त्यांनी गाणं लावून चालायला लागावं. येईल त्यांच्या मागून घरी."

"म्या बी त्येच म्हटलं की ताई!" आक्का म्हणाल्या. "मोबाइल पुढं केला तर घेतला न्हाय. आता देवळाच्या पायरीवर बसलेत निवांत, घराघरातनं येणारा आपलाच आवाज ऐकत. आनि पाटीवर काय लिवलंय म्हाईत हाय?"

"काय?"

"'फिरू दे तिला.'"